पुढच्या गिऱ्हाइकाचा ट्रक

मी एक जुना पिकअप ट्रक आहे. जुना म्हणजे अवघा तीन वर्षांचा. हसू नका मित्रांनो! तीन वर्षांचं मूल नुकतं कुठे बालवाडीत जातं, पण इथे दुबईत तीन वर्षांची गाडी म्हातारी समजतात. रास अल खोरच्या जुन्या गाड्यांच्या बाजारात मी भर उन्हात उभा आहे. माझ्या काचेवर किमतीचा कागद चिकटवलेला आहे. येणारे-जाणारे माझ्या टायरला लाथ मारून बघतात. टायरला लाथ मारून कोणाला काय कळतं, देव जाणे.

माझा जन्म कारखान्यात झाला असं तुम्हाला वाटेल. नाही. माझा जन्म एका कागदावर झाला, आणि तिथेच माझं वाटोळंही झालं. तो कागद अजून माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात आहे.

माझे मालक निनादसाहेब. एका लॉजिस्टिक्स कंपनीत मॅनेजर, मूळचे पुण्याचे, सोळा वर्षं दुबईत. त्यांची पत्नी विभावरीताई इथल्या भारतीय शाळेत गणित शिकवायच्या. मुलगी इरा, तेव्हा पंधरा वर्षांची. तिघं अल नहदात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायची. तुम्ही कधी असल्या फ्लॅटमध्ये राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथे भिंतीला खिळा ठोकायचा नाही. ठोकलात तर सोडताना डिपॉझिटमधून कापून घेतात. सोळा वर्षं ताईंचं मराठी कॅलेंडर फ्रिजच्या दाराला चुंबकाने लटकत होतं.

मग ताईंनी शाळा सोडली. हातात आलेल्या ग्रॅच्युइटीतून त्यांनी एक कॅरव्हॅन घेतली, म्हणजे चाकांवरचं घर. आत ओटा, तीन जणांचा बिछाना, छोटी मोरी. कॅनडाला निघालेल्या एका कुटुंबाची जुनी अमेरिकन कॅरव्हॅन होती ती. ताब्यात आली त्याच दिवशी ताईंनी हातोडी घेतली, भिंतीला एक खिळा ठोकला आणि कॅलेंडर टांगलं. म्हणाल्या, "हे माझं घर. इरा शिकायला बाहेर जायच्या आत आपण तिघांनी दर हिवाळ्यात इथे राहायचं."

ते घर ओढायला मी हवा होतो. माझं जन्माचं काम तेवढं एकच.

शोरूममध्ये ऑर्डरचा कागद समोर आला. कारखान्यातून काय काय बसवून हवं, त्यापुढे खूण करायची. ताईंनी आधी सगळं वाचून ठेवलं होतं. त्यांनी पेन्सिलने एकच खूण केली: ओढण्याचं पॅकेज. त्यात मजबूत हुक, गिअरबॉक्स गार ठेवणारं यंत्र, रुंद आरसे, आणि सगळ्यात महत्त्वाचं, कॅरव्हॅनचे ब्रेक गाडीतून लावण्याचं बटण. त्या कॅरव्हॅनचे ब्रेक विजेवर चालतात. ट्रकमधून हुकूम गेला तरच ते लागतात, नाहीतर नुसती शोभा.

"अकरा हजार दिरहम," निनादसाहेब म्हणाले. "गुणिले तेवीस... अगं, अडीच लाख रुपये! नुसत्या हुकला? याला रीसेल काय?"

"रीसेल कशाला आत्तापासून? गाडी अजून आली नाही."

"दोन वर्षांत परत जायचंय ना आपल्याला. पुढचं गिऱ्हाईक काय बघतं? व्हाइट कलर, सनरूफ, मोठे रिम, लेदर सीट. हुक कोण बघतं?"

दोन वर्षांत परत जायचंय! मित्रांनो, हे वाक्य ते सोळा वर्षं म्हणत होते. त्यांच्या घरी टीव्हीचं खोकं थर्माकोलसकट बाल्कनीत उभं होतं, कारण परत जाताना लागेल. सोफ्यावरचं प्लास्टिक निघालं नव्हतं, कारण विकताना नवा दिसेल. हे एकट्या निनादसाहेबांचं नाही बरं का. इथे अशी घरंच्या घरं आहेत. माणसं स्वतःच्या वस्तू दुसऱ्याची अमानत असल्यासारख्या जपतात आणि ज्याच्यासाठी जपतात त्याचं तोंडही पाहिलेलं नसतं.

ताईंना मी गडद हिरवा हवा होतो. मी पांढरा झालो. पेन्सिलच्या खुणेवर साहेबांनी पेनाने रेघ मारली आणि सनरूफपुढे खूण केली. सनरूफचे नऊ हजार मात्र त्यांनी तेवीसने गुणले नाहीत.

कारखान्यात माझ्या पुढे माझा एक भाऊ होता. त्याच्या डॅशबोर्डवर कामगाराने ते ब्रेकचं बटण बसवलं, वायर जोडली, दाबून बघितलं. माझी पाळी आली. कामगाराने माझा कागद वाचला आणि त्या जागी एक कोरी काळी पट्टी ठोकून दिली. तेव्हाच मला कळलं की आपल्यात काहीतरी कमी आहे. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा!

मी दुबईत आलो तेव्हा कौतुकाला तोटा नव्हता. हार काय, नारळ काय, पेढे काय! शेजारीपाजारी सनरूफमधून डोकी बाहेर काढून फोटो काढत होते. इराला ती कोरी पट्टी पहिल्या दिवशीच सापडली. तिने चार-पाच वेळा दाबली. "बाबा, धिस वन डझन्ट डू एनिथिंग."

"तो ऑप्शन आपण घेतला नाही, बेटा. गरज नव्हती."

हुक बाहेरून बसवायला साहेब मला अबुजरच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. अबुजर दापोलीकडचा, वीस वर्षं इथे रास अल खोरमध्ये हेच काम करणारा. तो माझ्याखाली आडवा झाला, पाच मिनिटांनी बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, "निनादभाऊ, हुक मी लावतो हो. पन ब्रेकचा काय? कॅरव्हॅन दोन टनाची हाय. ती थांबवनार कोन?"

"गाडीचे ब्रेक आहेत की."

"गाडीचे ब्रेक गाडीला. बाहेरचा कंट्रोलर मिलतो, मी बसवून देतो. वायर जरा कापायला लागंल. दोन दिवस ठेवा गाडी."

"वायर कापली की वॉरंटी खलास. विकताना पहिलं तेच विचारतात."

अबुजरने बिलाचं पुस्तक पुढे ओढलं. मग त्याने बिलावर इंग्रजीत लिहिलं: ब्रेक कंट्रोलर बसवलेला नाही, ग्राहकाने नकार दिला, फक्त सपाट रस्ता. खाली साहेबांची सही घेतली. "डोंगरात नेऊ नका भाऊ. घाटात ती मागून ढकलनार तुम्हाला. पोरीबालींना घेऊन जाताव, म्हनून सांगतो."

घरी ताईंनी विचारलं, "अबुजर काय म्हणाला?"

"ऑल गुड," साहेब म्हणाले.

मला वाचा असती तर! बिल माझ्याच कप्प्यात होतं, ताईंच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर. पण मी नुसता उभा. आम्हाला हॉर्न दिलाय, तोही माणसांच्या हातात.

खोटं कशाला बोलू, पहिले दोन हिवाळे मी सुखात होतो. अजमानच्या यार्डात उभी ठेवलेली कॅरव्हॅन जोडायची आणि उम्म अल क्वैनच्या किनाऱ्यावर जायचं, रस्ता ताटासारखा सपाट. मागे वजन आलं की माझ्या अंगात वारं संचारायचं. ह्यासाठीच तर मी जन्मलो होतो! ताई कॅरव्हॅनच्या ओट्यावर पोहे करायच्या, इरा पायरीवर बसून खायची आणि साहेब घरून आणलेली गादी झटकायचे. तेव्हा साहेबसुद्धा हसायचे. एरवी माझ्या मागच्या सीटवरचं प्लास्टिक कुरकुरलं की ओरडायचे, "हळू बसा, फाटेल!"

पण प्रत्येक फेरीला माझा गिअरबॉक्स तापायचा आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागायचा. मला सांगता येत होतं ते एवढंच. साहेब दिवा पाहायचे आणि ओके दाबायचे.

तिसरा हिवाळा इराचा शेवटचा. पुढच्या वर्षी ती नेदरलँड्सला शिकायला जाणार होती. तिने एकच मागितलं. "आई, वन नाइट इन द माउंटन्स. प्लीज. तारे बघायचेत." साहेबांची नजर माझ्या कप्प्याकडे गेली. मला वाटलं, आता सांगतील. आत्ता सांगितलं तरी चालेल. पण ते म्हणाले, "यल्ला, जाऊया. रस्ता एकदम मस्त आहे वरपर्यंत."

रास अल खैमाच्या त्या डोंगरावर चढताना मी धापा टाकल्या, पण चढलो. त्यांनी तारे बघितले. सकाळी निघताना इरा डोळे चोळत म्हणाली, "आई, आय विल स्लीप इन द कॅरव्हॅन. खाली गेल्यावर उठव."

"चालत्या कॅरव्हॅनमध्ये बसायचं नसतं, कायदा आहे. पुढे ये," ताई म्हणाल्या. इरा पाय आपटत माझ्या मागच्या सीटवर येऊन बसली.

उतार लागला. पहिल्या वळणावर कॅरव्हॅनने मला धक्का दिला. दुसऱ्या वळणावर जास्त. साहेबांनी ब्रेक दाबला आणि दाबूनच ठेवला. माझे ब्रेक तापले, जळका वास आला, मग त्यांचा जोरच गेला. मागून दोन टनाचं घर मला खाली रेटत होतं आणि त्या घराचे स्वतःचे ब्रेक, चांगले धडधाकट ब्रेक, हुकमाची वाट बघत गप्प बसले होते! हुकूम द्यायला माझ्याकडे काय होतं? कोरी पट्टी.

साहेबांनी मला डोंगराच्या बाजूला घातलं, तेवढी एक अक्कल त्यांना सुचली. मी दगडाला घासत घासत थांबलो. हुक तुटला, साखळ्या तुटल्या आणि कॅरव्हॅन माझ्या बाजूने पुढे जाऊन कठड्यावर आदळली, आडवी झाली, तिची एक भिंत उघडी पडली.

कोणाच्या अंगावर ओरखडासुद्धा उठला नाही. ताई उतरल्या आणि धावत तिकडे गेल्या. बिछाना होता त्या जागी ओट्याचा दगड आणि गॅसची टाकी येऊन पडली होती. कॅलेंडर मात्र खिळ्यालाच लटकत होतं, आडव्या भिंतीवर.

साहेब फोनवर मोठमोठ्याने बोलत होते. "ब्रेक फेल झाले यार! मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट. एकदम बोगस गाडी!"

ऐकलंत? बोगस मी! नाचता येईना, अंगण वाकडं.

पोलीस आले. त्यांनी गाडीचा परवाना मागितला, इथे त्याला मुल्किया म्हणतात. ताईंनी माझा कप्पा उघडला. मुल्कियाबरोबर ऑर्डरचा कागद हाताला लागला, आणि त्याच्याखाली अबुजरचं बिल. ताई वाचत राहिल्या. गणिताच्या बाई त्या, एकेक ओळ पुन्हा तपासणाऱ्या.

"ही सही तुझीच ना?"

"अगं, वायर कापली असती तर रीसेल..."

"इरा आत झोपते म्हणत होती, निनाद."

"पण झोपली नाही ना! कोणाला काही झालं का?"

"मला कायदा आठवला म्हणून नाही झोपली. तू तर तोंड उघडलं नाहीस. तिथे उभा होतास आणि तोंड उघडलं नाहीस!"

इरा ऐकत होती. ती मराठीत म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहीत होतं?" एरवी ती इंग्रजीतच बोलायची. साहेबांनी मान फिरवली.

कॅरव्हॅन भंगारात गेली. जूनमध्ये ताई नाशिकला निघून गेल्या, तिथल्या एका शाळेत लागल्या. निघताना साहेबांना म्हणाल्या, "परत जायचंय, परत जायचंय म्हणायचास ना? मी जाते. तू तुझं पुढचं गिऱ्हाईक बघ." इरा नेदरलँड्सला गेली. बाल्कनीतलं टीव्हीचं खोकं अजून तिथेच आहे.

माझा बंपर बदलला, पत्रा ठोकला, रंग मारला आणि साहेबांनी जाहिरात दिली. "फॅमिली यूज्ड. व्हाइट. सनरूफ. सीटचं प्लास्टिकही काढलेलं नाही."

आणि एकदाचं ते पुढचं गिऱ्हाईक आलं. ज्याच्यासाठी माझा रंग ठरला, माझी हाडं ठरली, ज्याच्यासाठी तिघांचा जीव पणाला लागला, तो हा! अजमानचे बदरुद्दीनचाचा, मासेमारीची होडी बाळगणारे. मी छाती काढून उभा राहिलो. त्यांनी सनरूफकडे बघितलंही नाही. खाली वाकून माझी मागची बाजू तपासली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "टोइंग पॅकेज हाय का?"

"नाही, पण सनरूफ आहे," साहेब म्हणाले.

"पन्नास डिग्रीत सनरूफ काय करू भाऊ? मला होडी ओढायचीय." चाचा निघून गेले.

साहेब माझ्यात येऊन बसले. मला वाटलं, आता तरी डोळे उघडतील. त्यांचा हात त्या कोऱ्या पट्टीवर गेला. मग त्यांनी फोन काढला आणि जाहिरातीत दोन शब्द वाढवले: "टोइंग रेडी." अबुजरने हुक लावायला नकार दिला, म्हणून दुसऱ्या कोणाकडून चकचकीत नवा हुक लावून घेतला. "घेणारा बघून घेईल," असं स्वतःशीच म्हणाले.

उद्या एक कुटुंब मला बघायला येणार आहे. त्यांच्याकडे कॅरव्हॅन आहे, आणि दोन मुलं.

मित्रांनो, मी ओढण्यासाठी जन्मलो, तरी हात जोडून सांगतो, मला घेऊ नका. मोठी माणसं सनरूफ बघतील, रंग बघतील, प्लास्टिक बघून खूश होतील. तुम्ही त्या घरातली मुलं असाल तर पुढच्या सीटवर चढा. स्टिअरिंगच्या डावीकडे, खालच्या बाजूला एक काळी पट्टी आहे. ती दाबून बघा. दाबली जाणार नाही. मग आईला मोठ्याने हाक मारा आणि विचारा, इथे काय असायला हवं होतं?