मैनाबाईचा हात

तेल किती तापलं हे मैनाबाईच्या बोटांना आताशा समजत नव्हतं. पूर्वी वाटीत करंगळी बुडवली की झालं. तिवशाकडच्या तिच्या गावातल्या अर्ध्या बाया मालिशीला तिच्या हाताखालून गेलेल्या. पण साखरेच्या बिमारीनं बोटं अशी बधिर केली की परवा चुलीवरची वाटी उचलली, तर आधी कातडं जळाल्याचा वास आला आणि मग तिला कळलं. तेव्हापासून ती तेल गालाला लावून पाहायची, तेही कोणी नसताना. लोकांना कशाला सांगायचं? सांगितलं तर उद्या दारात उभं कोण करणार?

गरोदर बाईची मालिश म्हणजे कंबर, मांड्या, पिंढऱ्या. पोट रगडायचं नाही, हा तिच्या सासूपासूनचा नेम. शेवटी मात्र तेलाचा पंजा पोटावर नुसता ठेवायचा आणि लेकराची खबर सांगायची. डोकं इकडं हाये, पाय तिकडं हायेत, मजेत हालून राह्यलं. ती खबर ऐकायला घरची माणसं हातातलं काम टाकून दाराशी येत. खरं सांगायचं तर मालिशीपेक्षा त्या खबरीसाठीच मैनाबाईला बोलावणं यायचं.

शकुनबाईच्या सुनेला, रागिणीला, आठवा सरत आला होता. कपाशी फुटून वावर पांढरं झालेलं, वेचायला बाया मिळेनात, त्यामुळे शकुनबाईचा अर्धा जीव तिकडंच. मैनाबाई पिंढऱ्या चोळत होती तेव्हा पोरगी हळूच बोलली.

"आजी, कालपासून हे हालूनच नाही राह्यलं."

"थंडी पडली ना व. तेही निजलं असंन पांघरून घेऊन."

"नाही आजी. रोज जेवन झालं का लाता मारते. काल नाही मारली, आजबी नाही."

तिचा नवरा नितेश दारातच उभा होता. त्यानं खिळ्यावरची गाडीची चावी काढली. "चाल, दवाखान्यात दाखवून आनू."

"थांब ना बावा," शकुनबाई म्हणाली. "मैनाबाई, तू हात ठेवून पाह्य पयले."

मैनाबाईनं हात ठेवला. काहीच कळेना. हात पोटावर आहे की गोधडीवर, तेही धड समजेना. तिला वाटलं, म्हणून टाकावं, बावा, मले समजत नाही, घेऊन जाय हिले. एवढंच तर म्हणायचं होतं. शब्द अगदी ओठांवर आले होते. तेवढ्यात रागिणीनं मोठा श्वास घेतला, पोट वर आलं आणि त्यावरचा हातही वर आला.

"हाये ना," मैनाबाई बोलून गेली. "हाललं आता. जराक सुस्तावलं हाये."

"मले तं नाही समजलं."

"तुले काय समजते व, पयलटकरीन तू."

नितेशनं चावी परत खिळ्याला अडकवली. घराचा जीव भांड्यात पडला. दुपारी शकुनबाई म्हणाली, बसल्याबसल्या खालची बोंडं तरी वेच, हातपाय मोकळे होतीन. रागिणी वावरात गेली.

तिसऱ्या दिवशी पोट दगडासारखं झालं, तेव्हा कुठं दवाखाना. डॉक्टरीणबाईनं मशीन फिरवून पाहिली आणि मान हलवली. ठोका नव्हता. जन्मली ती मेलेलीच, पोरगी होती, नाकीडोळी नीटस. मैनाबाईला हे नळावर कळलं. ती भरलेली घागर तिथंच सोडून घरी आली.

आता कोणीतरी येऊन आपल्या झिंज्या धरेल, म्हणून ती वाट पाहत बसली. कोणी आलं नाही. उलट शकुनबाई गावभर सांगत सुटली, "मैनाबाईनं हात ठेवला तवा चांगलं हालून राह्यलं होतं. मंग हे वावरात वाकली, तठीच घात झाला. मी नोको नोको म्हनत होती." आता बोला. मैनाबाईचा एक खोटा शब्द, आणि तो साक्षीला उभा राहिला रागिणीच्याच विरोधात.

लेकरू असो नसो, बाळंतिणीचं अंग ओलंच. त्यामुळे मालिशीचं बोलावणं आलंच. रागिणी भिंतीकडं तोंड करून पडली होती. दूध उतरलेलं, म्हणून छाती फडक्यानं करकचून बांधलेली.

"आजी, एक इचारू? त्या दिवशी हाललं होतं ना?"

नाही म्हटलं तर पोरगी दोषातून सुटते. दारात शकुनबाई उभी होती.

"हो," मैनाबाई म्हणाली.

"मंग माह्याच हातानं गेलं."

मैनाबाईला स्वतःची किळस आली. त्या तंद्रीत तिनं वाटी उचलली, तेल गालाला लावून पाहायचं राहिलंच, आणि तेल सरळ पाठीवर ओतलं. रागिणी हललीसुद्धा नाही. पाठ लालबुंद होत गेली, ते मैनाबाईला डोळ्यांनी दिसलं तेव्हा समजलं.

"अवं माय, तेल तापलेलं होतं. बोलली काहून नाही?"

"राहू द्या," रागिणी म्हणाली. "चोळा तुमी."