दीड वर्षाचे पंधरा दिवस

सरलेच्या सासरच्या गुजर घरात सून सासूसमोर परक्या पुरुषाशी बोलत नसे. म्हणून पाय कधीपासून दुखतो, हे धुळ्याच्या डॉक्टरांनी विचारलं सरलेला, आणि उत्तर दिलं तिच्या सासूनं, जसोदाबाईंनी. "पंधरा दिवस झाले. ओसरीवरून घसरली."

सरला घसरली नव्हती. गेल्या वर्षीच्या आखाजीपासून, म्हणजे अक्षय्य तृतीयेपासून, दीड वर्ष तिच्या उजव्या कुल्ल्यात कळ यायची आणि पोटरीतून पावलापर्यंत उतरायची. बसलं की वाढायची, आडवं झालं की कमी व्हायची. जसोदाबाईंना हे सगळं ठाऊक होतं. सोमवारच्या कथेला सून पाय मोडून बसेना, तेव्हा "देवाजवळच बरं दुखतं तुला" असं त्याच म्हणाल्या होत्या. कापसाच्या वावरात सरलेची चप्पल पायातून निघून जायची आणि तिला कळायचंही नाही. ते त्यांनी वेंधळेपणात जमा केलं होतं. आता खरं सांगावं, तर इतके दिवस सासू काय करत होती, असं डॉक्टर विचारणारच.

डॉक्टरांनी कंबरेचा फोटो काढला. हाड कुठं मोडलं नव्हतं. मुका मार आहे, शेक द्या, म्हणाले. तो सोमवार होता, जसोदाबाईंच्या पोटात पाण्याचा थेंब नव्हता. एरवी उपासाच्या दिवशी त्या एक खोटा शब्दही बोलत नसत.

पुढं तीन महिने शेक चालला. सरलेचं पाऊल पुढून लोंबायला लागलं, उंबऱ्याला अडखळायला लागलं. जसोदाबाईंनी तिच्यासाठी शनिवार धरला, मग गुरुवारही. एका गुरुवारी सरला पडल्या पडल्या हळूच म्हणाली, "आत्याबाई, मन्हासाठी उपास नका धरा. डागदरले खरं सांगा."

दुसऱ्या दिवशी त्यांनी मुलाला, सरलेच्या नवऱ्याला चुनीलालला, गाडी जुंपायला लावली.

डॉक्टरांपुढं त्यांनी हात जोडले. "मी खोटं बोलनू, डागदर. तवय दीड वरीस व्हयी गयं व्हतं. ती घसरनी नही." मग बसण्याचं, चपलेचं, सगळं सांगितलं. चुनीलाल दाराशी उभा होता.

डॉक्टर रागावले नाहीत. फोटोत हाड दिसतं, म्हणाले, मऊ गाठ दिसत नाही. नस कुठं दबते आहे, हे माणसाच्या सांगण्यावरूनच शोधावं लागतं. त्यांनी सरलेच्या कुल्ल्यावर खोल बोट दाबलं, ती कळवळली. ऑपरेशनात जाड नसेला चिकटलेली, पाण्यानं भरलेली बोराएवढी गाठ निघाली. कळ थांबली. पाऊल मात्र उठेना. दबलेली नस हळूहळू जागी होईल किंवा होणारही नाही, लवकर आला असतात तर बरं झालं असतं, एवढंच डॉक्टर म्हणाले.

चुनीलाल आईकडं न बघता बाहेर गेला. दोन दिवस तो आईशी बोलला नाही.

पावलाची रोज सकाळ-संध्याकाळ हालचाल करायला सांगितली होती. परिचारिका करायला आली, तेव्हा जसोदाबाईंनी तिला थांबवलं. खाटेच्या पायथ्याशी बसून त्यांनी सुनेचं पाऊल मांडीवर घेतलं. सुनेच्या पायाला त्यांनी आजवर हात लावला नव्हता. सरलेनं ओशाळून पाऊल आखडायला पाहिलं, पण ते हललंच नाही.

"दाब समजस का?" त्यांनी विचारलं.

"समजत नही," सरला म्हणाली. थोड्या वेळानं तिनं डोळे मिटले. "पन हालाडत ऱ्हा."