खालचा सूर

बारक्याचा उजवा हात थरथरायला लागून बरेच दिवस झाले होते, आणि ऑर्केस्ट्रात हे फक्त त्याच्या ताईला ठाऊक होतं. बारक्या म्हणजे चांगला साठीला टेकलेला गडी, पण ताईच्या लेखी बारक्याच. दोघं बहीणभाऊ शेजारी बसून व्हायोला वाजवायचे. व्हायोला म्हणजे व्हायोलिनची थोराड बहीण. आवाज घोगरा, आणि टाळ्या कायम धाकटीला. व्हायोलावाल्यांनी आपलं मधे बसून मुकाट्याने भरणा करायचा.

थरथर वाढली तशी बारक्याने वादकांची जुनी चोरवाट धरली. गज तारेला लावायचाच नाही, वरच्यावर हवेत ओढायचा. लांबून कुणाच्या बापाला कळत नाही! ताई दुप्पट जोर लावून दोघांचं वाजवायची आणि घरी जाताना त्याला शिव्या घालायची.

"किती दिवस चालवणार हे नाटक?"

"सोडून काय करू, ताई? घरात बसून भिंतींकडे बघू?"

अशात कार्यक्रमाला 'सांजवाली' लागली. एका सिंफनीला या दोघांनी ठेवलेलं हे नाव. ताईला ती कधी फारशी आवडली नाही. तिची लाडकी दुसरीच, 'लढाईवाली'. शेवटी तुताऱ्या आणि नगारे असे काही कडाडतात, की ऐकून माणसाने दोन जिने एका दमात चढावेत, असं ती म्हणायची.

"तुला गोंगाट आवडतो," बारक्या म्हणायचा. त्याचा जीव सांजवालीच्या संथ भागात. तिथे सगळा ऑर्केस्ट्रा गप्प होतो आणि पहिल्या जोडीचे, म्हणजे या दोघांचेच, व्हायोला उरतात. एक चाल गातो. दुसरा खाली एकच लांब सूर धरून बसतो, आणि चाल वळते तेव्हा हळूच अर्धी पायरी उतरतो. बस्स, एवढंच. "सगळं सौंदर्य त्या उतरण्यात आहे," बारक्या सांगायचा. "ते काढा, मग वरची चाल म्हणजे नुसतं गोडगोड बोलणं." तो खालचा सूर त्याचा होता. मिसरूड फुटलं तेव्हापासून त्याचाच.

"तिथे मला तुझं झाकता येणार नाही," ताईने बजावलं. "नीट वाजलं तर बस खुशाल, मी तोंड उघडणार नाही. बिघडलं, तर दुसऱ्या दिवशी मीच जाऊन कंडक्टरला सांगेन."

कार्यक्रमात ती जागा आली. सगळे थांबले. ताईने चाल उचलली आणि बारक्याने गज तारेजवळ नेला, तर हात असा लटलटायला लागला की टेकवला असता तर सूर गचके खात गेला असता. त्याने गज उचलला आणि हवेत ओढला. आता सगळं सभागृह दचकणार, त्याला वाटलं.

कुणी दचकलं नाही. चाल पुढे गेली, वळली. खाली काहीच नव्हतं. बारक्या कान देऊन ऐकत राहिला. चाल सुंदर होती. मेली त्याच्यावाचूनही सुंदरच होती! पुढच्या रांगेतली एक बाई पदराने डोळे टिपत होती. कंडक्टरने डोळे मिटून मान डोलावली.

कार्यक्रम संपल्यावर आतल्या खोलीत ताईने त्याला मिठीच मारली. "काय लागला रे आज तुझा खालचा सूर! अंगावर काटा आला माझ्या. उगाच घाबरत होतो आपण."

त्याने तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. ती त्याची समजूत घालत नव्हती. ताईला खोटं बोलता यायचंच नाही, लगेच कान लाल व्हायचे. तिने खरंच ऐकला होता तो सूर. इतकी वर्षं शेजारी बसून तिच्या कानात तो आपोआप वाजत होता.

"आता बस खुशाल. मी कुणाला काही सांगत नाही."

बारक्याने व्हायोला पेटीत ठेवला. "मीच सांगतो, ताई. उद्यापासून मी येत नाही."

"वेड लागलंय का? अरे, जमलं ना सगळं!"

"जमलं," बारक्या म्हणाला. "म्हणूनच."