शुक्रवार ते रविवारच्या चिठ्ठ्या

माझी लेक तुबा आठ महिन्यांची झाली आणि मी पुन्हा नोकरी शोधू लागले. अमरावतीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने व्हिडिओवर मुलाखत घेतली. जठारपेठेतल्या आमच्या घरात नेट फक्त पुढच्या खोलीत चालतं, जिथे माझ्या सासूबाई हलीमाबी, म्हणजे आमच्या अम्मी, गिऱ्हाइकांचे ब्लाउज शिवतात. तुबा माझ्या मांडीवर झोपली होती.

साहेबांनी विचारलं, "हॅशमॅपला नाव दिलं की वस्तू लगेच मिळते. मग डेटाबेसचा इंडेक्स बहुतेकदा झाडासारखा, क्रमाने का रचतात?"

पाठ केलेलं सगळं तुबाच्या जावळाच्या वासात विरून गेलं. समोर अम्मी दोरीवरच्या चिठ्ठ्या चाळत होत्या. मी तेच सांगितलं.

"आमच्याकडे प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाची खुंटी आहे. नाव सांगा, ब्लाउज लगेच मिळतो. पण शुक्रवार ते रविवार कोणते द्यायचे हे विचारलं, तर सगळ्या खुंट्या बघाव्या लागतील. म्हणून अम्मी द्यायच्या तारखेच्या क्रमाने दोरीवर चिठ्ठ्या लावतात. शुक्रवार सापडला की पुढे नुसतं सरकायचं. नवी चिठ्ठी जागेवर लावायला मात्र थोडा वेळ जातो."

साहेब हसले. "एक तारखेपासून या."

फोन ठेवताच अम्मी म्हणाल्या, "कावून गं, माह्या चिठ्ठ्या सांगून नोकरी तू घेतली?"

"मंग तुमी जाता का, अम्मी?"

"मले कुठं टाइम हाय?" त्यांनी झोपलेल्या तुबाला अलगद स्वतःच्या मांडीवर घेतलं. "तूच जा. ही माह्याजवळ राहीन."