साखरपाण्यावर चाललेला घट

मित्रांनो, मी एक जुना इंधनघट आहे, करंगळीच्या नखाएवढा. साखरपाण्याचा एक थेंब माझ्यात पडला की माझ्यातील विकरे, म्हणजे सजीवांच्या शरीरात असतात तसली नाजूक प्रथिने, साखर फोडत आणि त्यातून वीज निघे. आता निघत नाही. का, ते ऐका.

मला घडवले चिमटेबाईंनी. त्यांच्या हातात सदैव चिमटा, म्हणून प्रयोगशाळेत हे नाव पडले. कार्बनच्या कागदाचे दोन तुकडे, त्यांवर विकरांचा लेप, मध्ये पातळ पडदा. माझ्याआधीचे साठ घट आठवडाभरात निकामी झाले. विभागप्रमुख सर दारातून डोकावून म्हणत, "काय बाई, मुंग्या लागल्या का तुमच्या शोधाला?"

बाई मान वर न करता म्हणत, "मुंग्यांना चव तरी कळते, सर."

मग मी एक छोटे घड्याळ त्रेचाळीस दिवस चालवून दाखवले. सर एकदम गोड बोलू लागले. शोधनिबंधावर पहिले नाव त्यांना स्वतःचे हवे होते.

"अकरा महिने मी राबले," बाई म्हणाल्या.

"खोली माझी, फ्रिज माझा. नाव कोणाचं येणार?"

बाईंनी साफ नकार दिला. दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून खोलीची किल्ली काढून घेतली गेली.

पुढे तपासणी समिती आली. सरांनी मला काचेच्या ताटलीत मांडले, तेच घड्याळ मला जोडले आणि छाती फुगवून म्हणाले, "हा माझा घट." बाई मागच्या खुर्चीवर बसल्या होत्या. साखर लवकर विरघळावी म्हणून सरांनी किटलीतले कढत पाणी घेतले. पेल्यातून वाफ निघत होती. ती बाईंनी पाहिली. मी त्यांच्याकडे आशेने बघत होतो. "थांबा" एवढे म्हटले असते तरी पुरे होते. बाईंनी ओठ घट्ट मिटून घेतले.

थेंब पडला. माझी विकरे अंड्यातल्या बलकासारखी शिजली. घड्याळ बंद पडले. सर घाबरून थेंबांवर थेंब टाकत राहिले.

समितीतील वयस्कर प्राध्यापिकेने विचारले, "पाणी किती गरम होतं?"

"त्यानं काय फरक पडतो?"

"घट तुमचा असता, तर हे विचारलं नसतंत."

सरांचे पद गेले, बाईंना प्रयोगशाळा मिळाली. सगळे अभिनंदनाला धावले. गर्दी पांगल्यावर बाईंनी मला डबीत ठेवले आणि पुटपुटल्या, "माफ कर रे. दुसरा उपाय नव्हता."

होता, मित्रांनो! तोंड उघडायचा. नंतर त्यांनी माझ्याहून सरस घट केले, त्यांचे कौतुकही झाले. मी खणात पडून आहे आणि मी त्यांना माफ केलेले नाही. सरांना काही कळतच नव्हते, बाईंना सगळे कळत होते. तुम्ही खुशाल भांडा, हक्कासाठी कडकडून भांडा. पण जे तुमच्या हातांच्या भरवशावर जगते, त्याला त्या भांडणात बळी देऊ नका.