उंट तिरका चालतो

तुतारीला घरात कुणी खऱ्या नावाने हाक मारत नसे. आवाजच तसा होता. त्यात महिन्यापूर्वी शाळेत सगळ्यांसमोर न अडखळता भाषण करून आल्यापासून तर तिला थांबवायची कुणाची टाप नव्हती.

नाताळला चार दिवस उरले होते. बाइंडिंगच्या दुकानामागच्या खोलीत आत्या स्टुलावर चढून माळ्यावरची येशूजन्माच्या देखाव्याची पेटी ओढत होती आणि तुतारी खालून सूचना देत होती.

"डावीकडून. अगं, डावीकडून."

"उंटावरून शेळ्या हाकू नकोस. धर."

पेटी खाली आली. आजोबांनी जाड पुठ्ठ्याचा केलेला गोठा, निळ्या बाइंडिंगच्या कापडाचं आभाळ, बाळ, आई, सुतार, एका कानाचं गाढव, तीन राजे. तुतारीने पेटी उलटी करून झटकली.

"आत्या, उंट कुठाय?"

आत्या स्टुलावरच थबकली.

या उंटाची गोष्ट तुतारीला तोंडपाठ होती. आत्या पाच वर्षांची असताना तिने आजोबांना विचारलं होतं, एवढ्या लांबून हे तिघं चालत आले? आजोबा म्हणाले, "खरंय, उंट हवा होता." आत्या तुरुतुरु गेली आणि आणला की उंट! बुद्धिबळाच्या डब्यातला, काळा, टोकदार डोक्याचा. समोरच्या चष्म्याच्या दुकानाचे चष्मेवाले काका, आजोबांचे बुद्धिबळातले जोडीदार, हसून हसून खुर्चीतून पडायचे बाकी राहिले. आजोबा मात्र हसले नाहीत. त्यांनी तो उंट राजांच्या मागे उभा केला.

"बायबलातल्या गोष्टीत उंट नाहीच," ते म्हणाले. "राजेही नाहीत. पूर्वेकडून शहाणे आले, एवढंच. किती आले ते नाही. जन्माची तारीखसुद्धा नाही. ज्याला जे कमी वाटलं, ते त्याने मागाहून आणून ठेवलं. सण असाच होतो."

तेव्हापासून त्या तिघांचं नाव पडलं 'उंटावरचे शहाणे'. राजे नाताळ उलटून सहा जानेवारीच्या सणालाच का पोचतात, असं कुणी विचारलं की आजोबा दरवर्षी तेच सांगत, "उशीर होणारच. उंट तिरका चालतो ना." आणि तोवर पटावर उंटाच्या जागी दोऱ्याचं रीळ लढायचं.

आजोबांशिवायचा हा पहिलाच नाताळ.

"पट मी काकांना देऊन टाकला," आत्या खाली उतरत म्हणाली. "बाबा गेल्यावर मला तो बघवेना. उंटाचं तेव्हा लक्षातच आलं नाही."

"मग मागून आणते."

"दिलेलं परत मागायचं? राहू दे. दिल्या घरी सुखी राहो."

"तो काय नवरी आहे?"

आत्या हसली, पण गोठा पुन्हा पेटीत ठेवायला लागली. एकदा पेटी माळ्यावर गेली की गेली, हे तुतारीला तिच्या चेहऱ्यावरूनच कळलं. ती तडक रस्ता ओलांडून गेली.

चष्मेवाल्या काकांच्या काउंटरवर, काचा पुसायच्या फडक्याशेजारी, पट मांडलेला होता. काका एक खेळी करायचे, उठून पलीकडे जायचे आणि तिथून उत्तर द्यायचे.

"आलीस? एक तारखेपासून वाट बघतोय," ते म्हणाले आणि त्यांनी खणातून चष्म्याचं घर काढलं. आत मखमलीवर उंट झोपला होता. "याची रजा कधीच मंजूर केलीय. पण बदलीवर कोण?"

"बदलीवर?"

"रीळ. ते आल्याशिवाय उंट सुटत नाही, तुझ्या आजोबांचाच नियम. आणि रिळासोबत खेळणारं माणूस."

"मी खेळते."

"घोडा कसा चालतो?"

"उड्या मारत."

"आत्याला पाठव."

तुतारी परत आली तेव्हा आत्या एका वहीच्या पाठीला खळ लावत होती. वाटेत तुतारीने चांगलं लांबलचक भाषण जुळवलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "काका एकटेच खेळतात गं. दोन्हीकडून."

आत्याचा ब्रश थांबला. तिने हात पुसले, लाल दोऱ्याचं अर्धं संपलेलं रीळ उचललं आणि म्हणाली, "कुणी आलं तर बसवून ठेव."

तुतारीने पुन्हा गोठा मांडला. राजांच्या मागे बोटभर जागा सोडली. एक गिऱ्हाईक आलं, "आत्या कुठायत?" म्हणालं. "महत्त्वाच्या कामात आहेत," तिने सांगितलं. दुकानाच्या दारातून, समोरच्या काचेआड पटावर वाकलेली दोन डोकी दिसत होती.

दिवेलागणीला आत्या आली.

"हरलीस?"

"रीळ चुकून सरळ चालवलं मी. काका म्हणाले, पाच वर्षांची होतीस तेव्हा जास्त अक्कल होती." तिने खिशातून चष्म्याचं घर काढलं. "डाव अर्धा राहिलाय. उद्या दुपारी परत जायचंय."

मग ती खाली वाकली, सोडलेल्या जागेत उंट ठेवला आणि आजोबा करायचे तसा बोटाने जरासा तिरका केला.