वहीत नसलेली गावं

श्यामलाबाईंनी जेवणाच्या टेबलावर भारताचा नकाशा अंथरला आणि त्यावर डाळी मांडल्या. तूर म्हणजे नक्की उतरायचं, मूग म्हणजे वाटलं तर. चाळीस दिवस रेल्वेनं, नाशिकरोडहून निघून देशाला वळसा घालून परत नाशिकरोड. चक्राकार तिकिटावर आठ थांबे घेता येतात. कुठे किती दिवस राहायचं, ते तिथे पोचल्यावर बघायचं. बत्तीस वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून त्या नुकत्याच निवृत्त झाल्या होत्या, आणि त्यांची अट एकच होती.

"जिथे आपली कोणी वाट बघत नसेल, तिथेच उतरायचं."

"मान्य," त्यांचे पती वेणीमाधवगुरुजी म्हणाले. तेव्हा त्यांचं निम्मं लक्ष चहात होतं.

अटीला कारण होतं. गुरुजींच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या गोदाकाठचं उपाध्येपण. कुठून कुठून यजमान यायचे, वहीत आपल्या आजोबा-पणजोबांची नावं बघायचे, पूजा करायचे आणि जेवायचे. लग्न झाल्यापासून श्यामलाबाई रोज सकाळी कॉलेजला निघण्याआधी एकच प्रश्न विचारत आल्या होत्या, "आज किती पानं?" त्यांना आता असं गाव हवं होतं, जिथे हा प्रश्नच नाही.

गुरुजींची अडचण वेगळी. सगळा देश त्यांच्या ओसरीवर येऊन गेला होता, पण ते स्वतः भुसावळच्या पुढे गेले नव्हते. परक्या फलाटावर आपण पिशवी घेऊन उभे आहोत आणि "या गुरुजी" म्हणणारं कोणीच नाही, ही कल्पनाच त्यांना सहन होईना. म्हणून त्यांनी गच्चीवर जाऊन जबलपूरच्या सराफांना एक फोन केला. सहज. मग जबलपूरला कळवलं आणि मडगावला नाही, हे बरं दिसेना. मडगाव झाल्यावर विशाखापट्टण रुसलं असतं. असे पाच फोन झाले.

चौथ्या दिवशी गुरुजी आंघोळीहून आले, तर त्यांचा मोबाइल नकाशावर, बरोबर नागपूरच्या डोक्यावर ठेवलेला.

"जबलपूरचा फोन होता," श्यामलाबाई शांतपणे म्हणाल्या. "आपल्यासाठी खोलीला रंग देतायत. फिका हिरवा चालेल का, विचारत होते. चालेल म्हटलं."

गुरुजींनी पंचा पिळल्यासारखा केला. तो कोरडाच होता.

"अगं, नुसतं कानावर घातलं होतं मी."

"किती जणांच्या?"

"पाच."

एकेक दाणा उचलून श्यामलाबाईंनी डाळी डब्यांत परत टाकल्या, तूर तुरीत आणि मूग मुगात. मग नकाशाची घडी घातली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं गुरुजींना वाटलं.

दुपारी पानात मुगाची खिचडी होती. दुसऱ्या घासाला, हा बहुधा कोलकाता असावा, असं मनात येऊन गुरुजींना ठसका लागला.

"बाबा, पाणी घ्या," त्यांचा मुलगा मयुरेश म्हणाला. चाळीस दिवस घरचं काम तोच बघणार होता. "आणि उरलेल्या यजमानांनाही कळवून टाका. आई फलाटावर उतरली की लेझीमच ठेवू."

"गप रे," गुरुजी म्हणाले. पण जेवण अर्धं टाकून ते उठले आणि त्यांनी माडीवरच्या वह्या काढल्या.

दोन दिवस त्यांनी दुसरं काही केलं नाही. वह्या गाववार होत्या. मयुरेशकडून मार्गावरच्या स्टेशनांची यादी घेऊन ते एकेक नाव वहीत शोधत, आणि सापडलं की यादीतून खोडत. आयुष्यभर वहीत नाव सापडल्याचा आनंद त्यांनी पाहिला होता. नाव सापडलं नाही म्हणून मांडीवर थाप मारण्याची ही पहिलीच वेळ होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतः नकाशा अंथरला आणि तुरीचे सात दाणे मांडले. श्यामलाबाई चष्मा लावून जवळ आल्या.

"सतना?"

"पणजोबांपासून एकही माणूस नाही."

"ब्रह्मपूर?"

"कोरं."

"शोरनूर?"

"नाव वहीत लिहायचं कसं, हेसुद्धा आपल्याकडे कोणाला माहीत नाही."

"आणि तेनाली?"

गुरुजी घुटमळले. "एक जण आले होते. एकोणीसशे एकतीस साली. पुन्हा आले नाहीत. पणजोबांशी कडाक्याचं भांडण झाल्याची नोंद आहे."

"मग चालेल," श्यामलाबाई म्हणाल्या. "तिथे आपली कोणी वाट बघत नसणार, हे तर लेखी आहे."

बोलताना त्यांच्या ओठांचा कोपरा हलला. गुरुजींनी दोन दिवसांत पहिल्यांदा मोकळा श्वास घेतला.

"सातच झाले. आठवा?" गुरुजींनी विचारलं.

श्यामलाबाईंनी डबा उघडला, मुगाचा एक दाणा घेतला आणि जबलपूरवर ठेवला. "रंग दिलाय बिचाऱ्यांनी. पण मूग आहे हा, लक्षात ठेवा. आता पाचही जणांना फोन करून सांगा, वाट बघू नका म्हणून. इथे, माझ्यासमोर."

गुरुजींनी जबलपूरला फोन लावला. यजमानाला असं वाक्य त्यांच्या घराण्यात आजवर कोणी म्हटलं नव्हतं.

"सराफसाहेब, आमची वाट बघू नका... नाही, नाही, रागावलो कशाला? ... येणार ना! म्हणजे..." त्यांनी बायकोकडे पाहिलं. श्यामलाबाईंनी मुगाच्या दाण्यावर बोट ठेवलं.

"म्हणजे, हिला वाटलं तर."